भरल्या घरातला शुक्र

संकटात अल्लाहची आठवण कुणी करून द्यावी लागत नाही. सूरह यूनुसमध्ये एका गलबताचा प्रसंग आहे. वारा अनुकूल, माणसं खुशीत. मग वादळ उठतं, लाटा चहूकडून येतात, आणि सगळे अगदी खऱ्या मनानं अल्लाहला हाक मारतात. यातून वाचलो तर तुझे शुक्रगुजार होऊन राहू, असा शब्द देतात. जमीन लागते आणि शब्द विसरला जातो. आम्हा कोकणी मुसलमानांत पिढ्यान्‌पिढ्या तांडेल आणि खलाशी झाले. दर्या म्हणजे काय, हे आमच्या घरांत समजावून सांगावं लागत नाही. मी मात्र या प्रसंगात वादळाच्या आधीच्या भागापाशी थांबते. वारा बरा होता तेव्हा गलबतावर कोण काय करत होतं? माझ्यासारख्या भरल्या घरातल्या माणसांचं बहुतेक आयुष्य त्या बऱ्या वाऱ्यातच जातं. ईमानाची रोजची परीक्षा तिथेच आहे.

*

सूरह कुरैश चार छोट्या आयतींची आहे. मदरशात मुलं ती अगदी सुरुवातीला पाठ करतात. मक्केचे कुरैश व्यापारी, त्यांचे काफिले हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात निघत. हिवाळ्यात येमेनकडे, उन्हाळ्यात शामकडे. धंदा चालू होता, वाट सुरक्षित होती. सूरह त्यांना एवढंच सांगते की या घराच्या रबची इबादत करा, ज्यानं तुम्हाला भुकेत अन्न आणि भीतीत अभय दिलं. यात धमकी नाही. चाललेल्या सुखाची नुसती आठवण आहे.

2 ऑगस्ट 1990 रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. रत्नागिरी-रायगडातली कितीतरी घरं तेव्हा कुवेतच्या पगारावर चालत होती. पगार थांबला, बँकेतला पैसा अडकला, माणसं वाळवंट ओलांडून जॉर्डनला पोहोचली. अम्मानहून एअर इंडियाच्या विमानांनी सुमारे 1,70,000 भारतीयांना परत आणलं. त्या दिवसांत आमच्या मोहल्ल्यात अन्न आणि अभय या दोन्ही गोष्टी काय असतात ते कळलं. नंतर पगार पुन्हा सुरू झाले, घरांवर मजले चढले. सूरह कुरैश तेव्हाही पाठ होती, आताही आहे. ती सावकाश वाचायची, एवढं मी स्वतःला लावून घेतलं आहे.

*

हिराच्या गुहेत उतरलेल्या पहिल्या पाच आयती सूरह अलकच्या. त्याच सूरहमध्ये लगेच पुढे सांगितलं आहे की माणूस मर्यादा सोडतो, कारण त्याला वाटतं की आपल्याला कुणाची गरज नाही. इथे दोष श्रीमंतीला दिलेला नाही. गरज संपली या समजुतीला दिला आहे. ही समजूत लहानशा फ्लॅटमध्येही शिरते. महिन्याचा हप्ता नीट जातो, औषधाचा विमा आहे, मुलं मार्गी लागली. दुआ मागताना हात उचलले जातात आणि काय मागावं ते सुचत नाही. हे न सुचणं मला सगळ्यात धोक्याचं वाटतं.

*

येमेनमधल्या मारिबला सबाच्या लोकांनी बांधलेलं धरण होतं, सुमारे 600 मीटर लांबीचं. त्याच्या पाण्यावर कोरड्या मुलखात बागा उभ्या राहिल्या. सूरह सबामध्ये त्या बागा येतात, एक उजवीकडे, एक डावीकडे. हुकूम साधा होता: रबनं दिलेलं खा आणि त्याचा शुक्र करा. त्यांनी पाठ फिरवली. पूर आला, आणि बागांच्या जागी कडू फळं, झाऊची झुडपं आणि थोडी बोरं उरली. इतिहासातही ते धरण अनेकदा फुटलं, दुरुस्त झालं, आणि इसवी सनाच्या सहाव्या शतकात कायमचं गेलं.

पुराइतकीच त्यापुढची आयत मला हलवते. त्यांच्या वाटेवर जवळजवळ गावं होती, रात्रंदिवस निर्धास्त प्रवास करता येत होता. आणि त्यांनी मागितलं काय, तर आमच्या मुक्कामांमधलं अंतर वाढव. सोयीचा कंटाळा आला होता. सुखाची चव गेली की माणूस आणखी सुख मागतो, नाहीतर आहे तेच मोडायला निघतो. रमजानचा रोजा इथे कामाला येतो. दिवसभर कोरड्या राहिलेल्या घशाला मगरिबच्या अजानीबरोबर पाण्याचा घोट मिळतो, तेव्हा पाणी म्हणजे काय ते जिभेला नव्यानं कळतं.

*

आम्ही शाफई. आमच्या मजहबात नवी नेमत मिळाली किंवा येऊ घातलेली बला टळली की सजदा-ए-शुक्र सुन्नत आहे. कआब बिन मालिक (रजि.) यांची तौबा कबूल झाल्याची आरोळी कानावर आली, तेव्हा ते तिथल्या तिथे सजद्यात गेले. डॉक्टरांनी गाठ साधी आहे असं सांगितलं की आजही माणसं हेच करतात. पण फिकहचे आलिम असंही सांगतात की अखंड चालू असलेल्या नेमतीसाठी हा वेगळा सजदा नाही. असता, तर माणसाचं सगळं आयुष्य त्या एका सजद्यात गेलं असतं.

मग चालू असलेल्या नेमतींचं काय? डोळे दिसताहेत, गुडघा वाकतो आहे, रात्री झोप लागते आहे. त्यांच्यासाठी नमाज आहे. फजर दोन, जोहर चार, असर चार, मगरिब तीन, इशा चार: फर्ज रकाती सतरा. प्रत्येक रकातीत सूरह फातिहा, आणि बिस्मिल्लाहनंतर फातिहाची सुरुवात अल्लाहच्या स्तुतीनं. मागणं पुढे येतं. मन भरून आलेलं असो वा कोरडं, जीभ दिवसातून सतरा वेळा आधी हम्द करते. माझ्या मनाच्या लहरीवर शुक्र सोडलेला नाही, याचा मला फार आधार वाटतो.

*

पैगंबर (स.) रात्री नमाजीत इतका वेळ उभे राहत की पायांना सूज येई. हजरत आयशा (रजि.) यांनी विचारलं की आपल्याला तर सगळं माफ आहे, मग एवढे कष्ट का? मी शुक्रगुजार बंदा होऊ नको का, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. ज्या इबादतीमागे भीती नाही, अडलेलं काम नाही, तिचा हा नमुना आहे. सुखातल्या माणसानं आपली इबादत या हदीसशी ताडून पाहावी.

*

अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) मक्केहून मदिनेला आले ते सगळं मागे टाकून. मदिनेच्या साद बिन रबी (रजि.) यांनी आपली अर्धी मालमत्ता देऊ केली. अब्दुर्रहमान यांनी त्यांना दुआ दिली आणि बाजार कुठे आहे एवढंच विचारलं. तूप आणि सुकवलेलं दही विकण्यापासून सुरुवात केली आणि पुढे मदिनेतल्या सगळ्यात धनवान सहाबींमध्ये गणले गेले.

एकदा त्यांचा रोजा होता आणि इफ्तारचं जेवण समोर आलं. त्यांना मुसअब बिन उमैर (रजि.) आठवले. मक्केच्या सुखवस्तू घरात लाडात वाढलेला तो तरुण उहुदच्या लढाईत, 625 मध्ये, शहीद झाला. कफनाला एकच चादर होती. डोकं झाकलं तर पाय उघडे, पाय झाकले तर डोकं उघडं. ते माझ्याहून चांगले होते, आणि आम्हाला मात्र दुनिया एवढी मिळाली. आमच्या नेकीचा मोबदला इथेच तर चुकता होत नाही ना, असं म्हणत ते रडू लागले आणि जेवण तसंच राहिलं.

त्यांनी व्यापार सोडला नाही. भरल्या ताटासमोर साथीदाराला आठवण्याची ताकद मात्र टिकवली. आपल्या प्रत्येकाच्या घरात असं कुणी होऊन गेलेलं आहे. माझी दादी डोंगराखालच्या विहिरीवरून हंडे आणायची आणि नाचणीच्या भाकरीवर रोजे धरायची. दादा जहाजावर असायचे, पत्रांना महिने लागायचे. आमच्या टेबलावर अजवा खजूर येतो, तेव्हा त्या दोघांचं नाव निघालं पाहिजे आणि त्यांच्या मगफिरतीची दुआ झाली पाहिजे, हा मी घरात नेम केला आहे.

*

सूरह कलममधले बागवाले. पहाटेच फळं तोडू, असं त्यांनी शपथेवर ठरवलं. इन्शाअल्लाह म्हटलं नाही. आज एकही गरीब बागेत शिरता कामा नये, असं कुजबुजत निघाले. बाग रात्रीतच उजाड झाली होती. आपण वाट चुकलो, असं त्यांना आधी वाटलं.

हापूसच्या मुलखात ही गोष्ट वाचताना अंगावर काटा येतो. मोहरावर तुडतुडा पडतो, फळ धरल्यावर अवकाळी येतो; आंबा पेटीत जाईपर्यंत आपला नसतो, हे इथल्या प्रत्येक बागायतदाराला ठाऊक आहे. फिकहची बाजू अशी: शाफई मजहबात उश्र खजूर, द्राक्षं आणि साठवता येणाऱ्या मुख्य धान्यांवर आहे. म्हणजे भातावर आहे. सुमारे 650 किलोंच्या वर पीक गेलं की पावसावरच्या शेतीत दहावा हिस्सा, स्वतः पाणी देऊन केलेल्या शेतीत विसावा. आंबा त्यात येत नाही. इमाम अबू हनीफा यांच्या मते आंब्यावरही उश्र आहे. आमची बाग फिकहच्या हिशेबातून सुटली असेल. त्या गोष्टीतून सुटत नाही. माझे वडील पेट्या भरण्याआधी आंब्यांचा एक ढीग बाजूला काढत. त्यातला वाटा मशिदीच्या खादिमाला जाई, वाडीतल्या विधवांना जाई, खालच्या आळीत कुळवाड्यांच्या घरी जाई. देताना निवडून लहान फळं काढली तर ते रागावत. आता बागांना चिऱ्याचं कंपाऊंड आणि लोखंडी गेट आहे. चोरीसाठी ते लागतंही. पण गरिबाला आत येऊ न देण्यासाठी आता कुजबुजण्याचीही गरज उरलेली नाही, म्हणून वाटा आपणच बाहेर नेला पाहिजे.

*

सोन्याचा विषय बायकांच्या मजलिशीत नेहमी निघतो. शाफई मजहबात अंगावर वापरायच्या मर्यादेतल्या दागिन्यांवर जकात नाही. हनफी मजहबात आहे. निसाब साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी, त्यावर एक चांद्रवर्ष गेलं की अडीच टक्के. लॉकरमध्ये पडून असलेलं, अडीअडचणीसाठी किंवा गुंतवणूक म्हणून घेतलेलं सोनं वापरातलं म्हणता येत नाही, त्याची जकात शाफईंनाही आहे. इथे प्रत्येकीनं स्वतःशी खरं बोललं पाहिजे. सवलत ही सुद्धा नेमत आहे, आणि ती ओढूनताणून मोठी केली तर शुक्र कमी होतो. ज्यांना शंका असेल त्यांनी देऊन टाकावं. अडीच टक्के दिल्यानं कुणाचा हात रिकामा झालेला मी पाहिला नाही.

जकातीची तारीख चंद्राच्या हिशेबानं ठरलेली असावी आणि वहीत लिहिलेली असावी. मोजायला बसलं की आपल्याकडे किती आहे ते दिसतं. न मोजता केलेला शुक्र हवेत राहतो.

*

वजूचं पाणी. पैगंबर (स.) एका मुदनं वजू करत, म्हणजे दोन्ही हातांच्या ओंजळीत मावेल एवढं, लिटरभरही नाही. आमच्याकडे पावसाळ्यात छपरावरून धो धो पाणी वाहतं आणि मे महिन्यात डोंगरावरच्या वाड्यांना टँकर लागतो. नळ पूर्ण सोडून केलेल्या वजूत फर्ज अदा होतं, पण नेमतीचा अदब राहत नाही. तांब्यानं वजू करून पाहावं. हात आपोआप जपून चालतो.

*

बनी इस्राईलच्या तिघांची हदीस: एक कोडी, एक टकला, एक आंधळा. फरिश्ता आला, तिघांना बरं केलं, एकाला उंटीण, एकाला गाय, एकाला बकरी दिली. जनावरं वाढली, माळ भरले. मग तोच फरिश्ता गरीब वाटसरूच्या वेशात आला, प्रत्येकाकडे ज्याच्या त्याच्या जुन्या दुखण्याचं रूप घेऊन. पहिल्या दोघांनी त्याला झिडकारलं, आणि ही दौलत आम्हाला वाडवडिलांपासून आली आहे, असं सांगितलं. तिसरा म्हणाला की मी आंधळा होतो, अल्लाहनं नजर दिली. हवं ते ने.

फरक इथे आहे. पहिल्या दोघांनी द्यायला नकार दिला तो आधी आपली कहाणी बदलून. घर उभं कसं राहिलं याची खरी कहाणी मुलांना माहीत असली पाहिजे. पहिलं तिकीट कुणी उसनवारीनं काढून दिलं, अरबस्तानात पहिली खोली कुणी दिली, शाळेची फी कुणी भरली.

*

माणसांचे आभार जो मानत नाही तो अल्लाहचा शुक्र करत नाही, या आशयाची हदीस अबू दाऊद आणि तिर्मिजी यांनी नोंदवली आहे. माझा मुलगा दुबईत थंड कचेरीत बसतो. त्या इमारती ज्यांनी बांधल्या, त्यांच्यासाठी तिथे 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम बंद ठेवण्याचा नियम आहे, एवढा तो उन्हाळा आहे. घरी भांड्याला येणारी बाई, जिन्याखाली रात्र काढणारा वॉचमन, सिलिंडर चौथ्या मजल्यावर आणणारा मुलगा, यांच्या घामावर आमच्या आरामाचा मोठा भाग उभा आहे. मजुराची मजुरी त्याचा घाम सुकायच्या आत द्या, हीही पैगंबरांची (स.) शिकवण. महिन्याच्या एक तारखेला पगार हातात ठेवणं, नावानं हाक मारणं, ईदचा शीरखुर्मा आधी त्यांच्या डब्यात भरणं: शुक्र इथून सुरू होतो.

*

सुखाची लाज बाळगायला दीननं सांगितलेलं नाही. अल्लाहनं आपल्या बंद्यांसाठी काढलेली शोभा आणि पाक अन्न हराम कुणी केलं, असा सवालच सूरह अअराफमध्ये आहे. सलमान फारसी (रजि.) यांनी अबू दर्दा (रजि.) यांना सांगितलं होतं की तुझ्या रबचा तुझ्यावर हक्क आहे, तुझ्या जिवाचा आहे, घरच्यांचाही आहे, आणि पैगंबरांनी (स.) ते बरोबर ठरवलं. म्हणून चांगलं नेसावं, बिर्याणीला केशर घालावं, नातवंडांना फिरायला न्यावं. तोंड वाकडं करून घेतलेली नेमत ही सुद्धा नाशुक्रीच.

*

छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यापाशी कित्येक किलोमीटरवरच्या झऱ्याचं पाणी जमिनीखालच्या नळांनी आणलेलं आहे. त्या पाण्याच्या जोरावर जातं फिरायचं आणि दर्ग्यात उतरणाऱ्या फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी पीठ पडायचं. त्या काळच्या अमीर-उमरावांनी या कामात पैसा घातला. अब्बासी खलिफा हारून अल-रशीद यांची बेगम जुबैदा हिनं मक्केत हाजींसाठी पाण्याचा कालवा आणला, तो तिच्या नावानं अजून ओळखला जातो. सूरह सबामध्ये दाऊद (अ.) यांच्या घराण्याला हुकूम आहे की शुक्र म्हणून काम करा. सोबत हेही सांगितलं आहे की असे बंदे थोडेच. जुबैदा मलिका होती, महालात राहत होती, आणि तहानेची काळजी दुसऱ्यांच्या तहानेवरून शिकली. गावागावांत आमच्या जमातीनं बांधलेल्या शाळा, अँब्युलन्स, मय्यतीसाठीचा निधी याच वाटेवरचे आहेत. ज्याला थोडी सवड आणि थोडा पैसा मिळाला आहे, त्यानं यांतलं एक काम धरावं आणि सोडू नये.

*

सूरह सादमध्ये दोन पैगंबर जवळजवळ येतात. सुलैमान (अ.): तख्त, फौज, हुकमतीतला वारा. अय्यूब (अ.): आजार, ओढवलेलं नुकसान, लांबलेला सब्र. दोघांची स्तुती अल्लाहनं तंतोतंत एकाच शब्दांत केली आहे: उत्तम बंदा, वारंवार आमच्याकडे वळणारा. आपल्याला अय्यूबांचं थोरपण लगेच पटतं. दुःख सोसणाऱ्याची इज्जत सगळेच करतात. तख्तावर बसलेल्या माणसाचं रबकडे वळणं तेवढंच मोठं मानलेलं आहे, हे भरल्या घरातल्या माणसासाठी आशेचं आहे आणि सबबी संपवणारंही आहे. माझ्यावर काही संकट आलं नाही म्हणून माझी इबादत कच्ची राहिली, असं सांगायची सोय आता नाही.

*

मुंग्यांच्या खोऱ्यात सुलैमान (अ.) यांनी दुआ मागितली. मला आणि माझ्या आईबापांना दिलेल्या नेमतींचा शुक्र करण्याची ताकद दे, तुला आवडेल असं काम माझ्याकडून होऊ दे, असा तिचा आशय. सूरह अहकाफमध्ये चाळिशीला पोहोचलेल्या साध्या माणसाच्या तोंडी हीच दुआ येते. तो त्यात भर घालतो की माझ्या मुलाबाळांनाही नेक कर. बादशहा आणि संसारी माणूस, दोघांना एकच गोष्ट मागावी लागते, आणि ती गोष्ट म्हणजे खुद्द शुक्र. तो आपल्या अंगच्या चांगुलपणातून निघत नाही, द्यावा लागतो, म्हणून मागावा लागतो. पैगंबरांनी (स.) मुआज बिन जबल (रजि.) यांचा हात धरून, तुझ्यावर माझं प्रेम आहे असं सांगून, दर नमाजीनंतर मागायला शिकवलं तेही हेच: तुझी आठवण, तुझा शुक्र आणि तुझी चांगली इबादत यांसाठी मला मदत कर. सुखात काय मागावं ते सुचत नसेल, तर मागायला हे आहे. आणि दिवसातून पाच वेळा मागण्याइतकं ते मोठं आहे.